शास्त्रीय व्याख्याने व व्यापारी पेठ

आमच्या महाराष्ट्रात व्याख्यानांची वाण आहे असे आमचा शत्रूदेखील म्हणणार नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्या एका रोपाची कलमे पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत लागली, व आज ज्या गावास धड नाट्यगृह नाही त्या गावासही स्वतःची व्याख्यानमाला असते. कोणत्याही प्रांताने हेवा करावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु या मालांच्या कार्यक्रमपत्रिका कोणी एकत्र करून वाचील, तर एक उणीव त्याच्या डोळ्यांत भरल्यावाचून राहणार नाही. इतिहासास दोन संध्याकाळी, साहित्यास दोन, अध्यात्मास एक, राजकारणास एक, एखादी मुलाखत व एखादा गाण्याचा कार्यक्रम, अशी वाटणी झाल्यावर शास्त्राच्या वाट्यास बहुधा काहीच उरत नाही. आणि उरलाच, तर ज्या दिवशी श्रोते येणार नाहीत अशी चालकांची खात्री असते तो दिवस उरतो. ही उणीव केवळ रुचीची नाही. ती समाजाच्या हिताची आहे, व प्रसंगी ती माणसांच्या प्राणावर बेतते, हे दाखविण्याचा आजच्या लेखाचा उद्देश आहे.

प्राणावर बेतते, हे शब्द आम्ही लेखास धार यावी म्हणून घातलेले नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना जमावाने मारून टाकले. ही माणसे भिक्षेवर पोट भरणारी, पोटासाठीच परमुलखात आलेली. मुले पळविणारी टोळी फिरत आहे अशी आवई त्या दिवसांत मोबाइलवरून हातोहात पसरली होती. ती कोणी तपासली नाही. आणि परक्या मुलखातले चेहरे दिसताच ती आवईच पुरावा ठरली, तीच न्यायाधीश झाली, व तिनेच शिक्षा अमलात आणली. ज्या देशात खुनाच्या आरोपीसही वकील देण्याची तजवीज कायद्याने केली आहे, त्या देशात आपण कोण हे पटवून देण्याइतकीही उसंत या पाचांना मिळाली नाही.

एखादे शास्त्रीय व्याख्यान तेथे झाले असते तर हे पाच जीव वाचले असते, असा दावा आम्ही करणार नाही. तो पुराव्यात टिकणारा नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ऐकीव गोष्ट व सिद्ध झालेली गोष्ट यांतील भेद ओळखण्याची सवय उपजत नसते, ती लावावी लागते. आणि ती एकट्यादुकट्यास लागून भागत नाही, साऱ्या गावास लागावी लागते. शाळेतील शास्त्राचे पुस्तक परीक्षेपुरते असते, व परीक्षा झाली की ते रद्दीत जाते. ही सवय लागण्याची खरी जागा म्हणजे गावातील लहानथोर माणसे एकत्र बसून बोलतात ती जागा होय.

दुसरा दाखला सुदैवाने रक्ताचा नाही, दुधाचा आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता उठली, व दिवस मावळण्याच्या आत ती देशभर आणि देशाबाहेरही गेली. देवळांपुढे रांगा लागल्या आणि शिकलेसवरलेले लोक चमचे घेऊन त्यांत उभे राहिले. सरकारी विज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीस पाजले, तेव्हा मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळणारी रंगीत धार स्वच्छ दिसली. द्रवाच्या पृष्ठभागास ताण असतो; भरलेला चमचा ओल्या दगडास टेकला की तो ताण दूध बाहेर ओढतो, व पातळ थराने ते खाली वाहून जाते. पांढरे दूध पांढऱ्या संगमरवरावरून वाहताना दिसत नाही, एवढाच तो चमत्कार. आमचा प्रश्न निराळा आहे. हे सांगण्यास दिल्लीचे शास्त्रज्ञ कशास लागावेत? प्रत्येक तालुक्याच्या गावी पदार्थविज्ञान शिकविणारा निदान एक शिक्षक त्या दिवशीही होता, व पृष्ठताणाचा धडा तो दरसाल शिकवीत होता. परंतु त्यास बोलण्यास व्यासपीठ नव्हते, व गावास त्याला विचारण्याची सवय नव्हती. ज्ञान गावातच होते; त्याचा आणि लोकांचा परिचय मात्र कोणी करून दिलेला नव्हता.

हा परिचय करून दिला तर काय घडते हेही आम्ही पाहिले आहे. फेब्रुवारी १९८० मधील सूर्यग्रहणाच्या वेळी मुंबईसारख्या शहरातील रस्ते भीतीने ओस पडले होते. त्याच दूधप्रकरणानंतर जेमतेम महिन्याने, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी पुन्हा सूर्यग्रहण झाले, तेव्हा ठिकठिकाणी लोक डोळ्यांस संरक्षक चष्मे लावून मुलाबाळांसह ते पाहण्यास बाहेर पडले. मधल्या पंधरा वर्षांत ग्रहणाचे नियम बदलले नव्हते. शाळाशाळांतून, चौकाचौकांतून चेंडू व दिवा हातात घेऊन सावल्यांचा खेळ समजावून सांगणाऱ्या कार्यकर्त्यांचे श्रम त्या फरकामागे होते. ज्यांस व्याख्यानाने काय होणार असे वाटते, त्यांनी ही दोन ग्रहणे शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

आता व्याख्यान कोणत्या प्रकारचे हवे हे सांगितले पाहिजे. कारण शास्त्राच्या नावावर जे बोलले जाते ते सारेच उपयोगाचे असते असे नाही. अंतराळयाने, कृष्णविवरे, यंत्रमानव यांच्या नवलकथा ऐकवून श्रोत्यांस थक्क करून सोडणे सोपे आहे. अशा व्याख्यानाने तोंडाचा आ होतो, डोळे उघडत नाहीत. कालपर्यंत जो बुवाच्या चमत्काराने थक्क होत असे, तो आज यंत्राच्या चमत्काराने थक्क होतो, एवढाच काय तो पालट. न्यायालयात साक्षीदाराची सरतपासणी झाली म्हणजे त्याची साक्ष ग्राह्य होत नाही. उलटतपासणीतून ती टिकून निघावी लागते. शास्त्र म्हणजे निसर्गाची व त्याहूनही आपल्या समजुतींची उलटतपासणी होय. व्याख्यात्याने निकाल सांगण्याबरोबरच तो निकाल कोणत्या पुराव्यावर लागला हे दाखविले, तरच त्याचे काम पुरे झाले.

सर्पदंशाचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे माणसांचे बळी घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसे. बाकीचे बहुतेक बिनविषारी; आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो अंगात विष सोडतोच असे नाही. अर्थात साप चावलेल्या शंभर माणसांस कोणीही काहीही उपचार केला नाही, तरी त्यांतील पुष्कळ वाचतील. मांत्रिकाची सारी कीर्ती या हिशेबावर उभी आहे. जे वाचले ते मंत्राच्या नावावर जमा होतात, आणि जे गेले ते दैवाच्या नावावर खर्ची पडतात. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो: ज्या वहीत जमा एकाच्या खात्यावर व खर्च दुसऱ्याच्या खात्यावर मांडला जातो, ती वही तुम्ही कधी खरी मानाल काय? वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर प्रतिविष आहे व ते सरकारी दवाखान्यात मिळते. परंतु मंत्र संपेपर्यंत थांबलेल्या रोग्यास त्याचा उपयोग उशिरा होतो किंवा होतच नाही. जो व्याख्याता एवढा हिशेब फळ्यावर मांडून दाखवील, तो एका संध्याकाळी कोणाचा तरी प्राण वाचविण्याची तजवीज करून जाईल. शिवाय श्रोत्यांच्या हाती असा एक मापदंड देऊन जाईल, की जो सापाप्रमाणेच रामबाण औषधांच्या जाहिरातींस व सहा महिन्यांत दामदुप्पट देणाऱ्या योजनांसही लावता येईल.

हाच मापदंड डॉ. जयंत नारळीकर यांनी फलज्योतिषास लावून दाखविला. हुशार मुलांच्या शंभर व मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवून, त्यांतील प्रत्येकी चाळीस त्यांनी ज्योतिषांकडे पाठविल्या, व कोणती कुंडली कोणत्या प्रकारच्या मुलाची एवढेच ओळखण्यास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांतील सरासरी यश निम्म्याहूनही किंचित कमी भरले, म्हणजे नाणे उडवून जे मिळाले असते त्याहून अधिक नाही. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. येथे कोणास शिवी दिलेली नाही, कोणाच्या श्रद्धेची टिंगल केलेली नाही. परीक्षा काय ती आधी जाहीर केली, उभय पक्षांस संधी दिली, व आकडे पुढे ठेवले. डॉ. नारळीकर मे २०२५ मध्ये निवर्तले. विश्वाच्या उत्पत्तीवर जगातील पंडितांशी वाद घालणारा हा पुरुष शाळकरी मुलांपुढे शुद्ध मराठीत बोलण्यास कधी कमीपणा मानीत नसे. आणि त्यांनी उभारलेल्या पुण्यातील आयुका संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांकरिता व्याख्यान देण्याचा प्रघात पडला. पुण्यात जे होते ते पुण्यापुरतेच का राहावे, हाच आमचा प्रश्न आहे.

ही कल्पना नवी नाही, किंवा उसनी आणलेलीही नाही. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी १८४८ साली जी साहित्य व शास्त्र यांची सभा स्थापिली, तिने मराठी व गुजराती अशा शाखा काढून स्वभाषेत शास्त्रीय विषयांवर निबंध वाचण्यास आरंभ केला. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघू लागले. आणि याच तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळाही काढल्या. त्यांच्यापाशी ना पैसा होता, ना अधिकार. शास्त्राची आवड व समाजसुधारणा या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटल्या नाहीत, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

लाहोरचे उदाहरण तर आमच्या व्यापारी बंधूंनी मुद्दाम वाचावे असे आहे. तेथे १८८५ साली रुचिराम साहनी व प्रोफेसर ओमन यांनी पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. साहनी पंजाबभर हिंडून लोकांच्या भाषेत, म्हणजे पंजाबीत, शास्त्रीय प्रयोगांसह व्याख्याने देत. त्यांचे विषय पाहा: लाहोरचे लोक पितात ते पाणी, शुद्ध व अशुद्ध हवा, साबण कसा होतो, तारयंत्र कसे चालते. ही व्याख्याने फुकट नसत. लहानशी फी असे, आणि साधे दुकानदारही ती आनंदाने देत. व्याख्यानांस उपकरणे लागतात म्हणून संस्थेने आपला कारखानाच काढला व शाळांना स्वस्त दरात देशी उपकरणे पुरविली. न्यायमूर्ती रानडे यांच्या औद्योगिक परिषदेच्या निमित्ताने ही उपकरणे पुण्यासही येऊन गेली. व्याख्यानापासून कारखान्यापर्यंतचा हा प्रवास ज्यांस स्वदेशीचे प्रेम आहे त्यांनी विचारात घ्यावा. रुचिराम यांचे पुत्र बिरबल साहनी पुढे प्राचीन वनस्पतींच्या शास्त्रात जगन्मान्य झाले, हे त्या घरातील वातावरणाचेच फळ होय.

कलकत्त्यास डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून एक संस्था उभी केली. संस्थेचा कारभार एतद्देशीयांच्या हाती राहिला पाहिजे व सरकारच्या अधीन होता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. तेथे वर्षानुवर्षे शास्त्रावर व्याख्याने होत. पुढील काळात देणग्या आटल्या, व ज्या तोलाचे कार्य मनात होते ते पुरे झाले नाही ही खंत घेऊनच १९०४ साली डॉक्टर वारले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९०७ मध्ये, हिशेब खात्यातील एक तरुण अधिकारी कचेरीच्या आधी व नंतर प्रयोग करण्यास जागा शोधीत त्या संस्थेच्या दारात आला. तो तरुण म्हणजे चंद्रशेखर व्यंकट रामन. २८ फेब्रुवारी १९२८ चा जो शोध आपण दरसाल विज्ञान दिन म्हणून साजरा करतो, तो वर्गणीदारांच्या पैशांनी उभ्या राहिलेल्या त्या वास्तूत लागला. ज्यांनी १८७६ साली वर्गणीच्या यादीवर सह्या केल्या, त्यांस आपण कशाकरिता पैसे देत आहोत हे तरी कोठे ठाऊक होते? विद्येच्या पेढीवरील ठेव अशीच असते. ती पिकते, पण मुदत आपण ठरवावयाची नसते.

परंतु व्यापाराचा व शास्त्राचा जो सर्वांत जुना व सर्वांत मोलाचा करार आम्हांस माहीत आहे, तो लाहोरचा नव्हे की कलकत्त्याचा नव्हे, तो आपल्या खानदेशातील आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ‘सिद्धांतशिरोमणि’ प्रभृती ग्रंथांच्या अध्ययनाकरिता तेथे मठ स्थापिला, व निकुंभ वंशातील मांडलिकांनी त्यास उत्पन्न लावून दिले. हे उत्पन्न कशाचे? लेखाच्या शेवटी, त्या काळच्या मराठीत, त्याची तपशीलवार नोंद आहे: पाटणच्या पेठेत जो माल विकावयास येईल त्यावरील कराचा भाग, विक्रीमागे सुपाऱ्या, आणि चालू असेल त्या प्रत्येक तेलाच्या घाण्यामागे एकेक पळी तेल. म्हणजे आठशे वर्षांमागे या महाराष्ट्रात ग्रहगणिताच्या अभ्यासाचा दिवा पेठेतल्या तेलावर जळत होता, आणि त्याची साक्ष दगडावर कोरलेली आहे. ज्या खानदेशात पाटणचा हा लेख आहे, त्याच खानदेशात राईनपाडाही आहे. या दोन गावांमधील अंतर कोसांनी मोजले तर फार नाही. परंतु एकात आपण कोठे होतो ते दिसते, व दुसऱ्यात आपण कोठे येऊन पोहोचलो ते दिसते.

आता आमच्या सूचनेवर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप असा, की आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, व जगातील सारे ज्ञान त्यात फुकट मिळते; मग संध्याकाळ मोडून व्याख्यानास कोणी व कशास जावे? यावर आमचे उत्तर असे, की ज्ञान ज्या वाटेने येते त्याच वाटेने आवईही येते, व दोघांचा पोशाख एकच असतो. मोबाइलवर बोलणारास आपण अडवून ‘हे तुम्हांस कसे कळले?’ असे विचारू शकत नाही. विचारले तरी त्यास उत्तर देण्याचे बंधन नाही, व चुकीचे सांगितल्याबद्दल उद्या गावात तोंड दाखविण्याची लाजही त्यास नाही. सभेत उभा राहिलेला वक्ता शेकडो डोळ्यांपुढे असतो. शिवाय सभेत शेजाऱ्याच्या प्रश्नाने आपलीही शंका फिटते. एकट्याने पडद्याकडे पाहत बसणारास हा लाभ नाही.

दुसरा आक्षेप धर्माभिमान्यांचा. ते म्हणतील, आमच्या पूर्वजांस हे सर्व ठाऊकच होते. किंवा उलट म्हणतील, की असल्या व्याख्यानांनी श्रद्धेस धक्का बसतो. पूर्वजांचा अभिमान आम्हांसही आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे लिहिले, आणि ग्रहणे चंद्राच्या व पृथ्वीच्या सावलीने होतात हे गणिताने सांगितले. मग आर्यभटाचे नाव घेऊन छाती फुगविणाऱ्या घरात ग्रहणाच्या दिवशी गरोदर सून कोंडून का ठेवली जाते? पूर्वजांचा खरा वारसा त्यांचे निष्कर्ष तोंडपाठ म्हणणे हा नव्हे, त्यांची रीत पुढे चालविणे हा होय. श्रद्धेस प्रश्नाने धक्का बसतो असे ज्यांस वाटते, त्यांनी आपल्या श्रद्धेची योग्यता आपणच कमी लेखली असे आम्ही म्हणू. प्रश्नांस गोळीने उत्तर देणारे लोकही या महाराष्ट्रात निघाले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला तो कोणत्याही अपराधासाठी नव्हे, गावोगाव हिंडून लोकांस विचार करावयास सांगितल्यासाठी. एका माणसाने गावोगाव बोलत फिरावे व बाकीच्यांनी ऐकून घरी जावे, अशी स्थिती असली म्हणजे त्या एकास वेगळे काढून मारणे सोपे जाते. जेथे प्रत्येक गावात दहा माणसे बोलणारी असतील, तेथे ते कठीण होईल.

तिसरा आक्षेप नेहमीचा: हे काम सरकारचे आहे. हा आक्षेप घेणारांस आम्ही राज्यघटना उघडून पाहण्याची विनंती करतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१ क घातला गेला, आणि वैज्ञानिक दृष्टी व शोधक बुद्धी वाढविणे हे कर्तव्य म्हणून त्यात नमूद झाले. हे कर्तव्य कोणाचे? कलमाचा आरंभच सांगतो, की ते भारताच्या प्रत्येक नागरिकाचे आहे. ते न केल्याबद्दल कोणावर फिर्याद होत नाही, हे खरे. पण कायद्याने शिक्षा नाही म्हणून कर्तव्य संपते असे म्हणणारास आम्ही सद्गृहस्थ म्हणणार नाही. आणि सरकारने वरून केलेल्या शहाणपणाची गोडी महाराष्ट्राने १८९७ साली चाखलेली आहे. प्लेगच्या त्या वर्षी पुण्यात सरकारने घराघरांत गोरे शिपाई घातले. रोग काय आहे हे लोकांच्या भाषेत समजावून सांगणारा मनुष्य मात्र घातला नाही. त्याचा परिणाम काय झाला हा इतिहास सर्वश्रुत आहे. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग माणसांत येतो असे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी प्रयोगाने दाखविले ते त्यानंतरच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कराचीस; म्हणजे शिपाई ज्यासाठी माजघरे धुंडाळीत होते त्याचे खरे कारण त्या वेळी हुकूम सोडणारांसही ठाऊक नव्हते. हुकमाने आलेले शास्त्र लोक पाळतात, पण मानीत नाहीत. ज्यास आपण प्रश्न विचारला व ज्याचे उत्तर आपण पारखून घेतले, तेच शास्त्र आपले होते.

तेव्हा करावे काय? आमची योजना थोडक्यात अशी. प्रत्येक तालुक्याच्या गावी महिन्यातून एक संध्याकाळ, पेठेच्या सुटीच्या दिवशी, शास्त्रासाठी राखून ठेवावी. जागा म्युनिसिपल शाळेचे पटांगण किंवा सभागृह ही असावी. जेथे पाऊल टाकण्यास हमालास, मोलकरणीस वा कोणत्याही जातीधर्माच्या माणसास संकोच वाटेल अशी जागा, ती कितीही प्रशस्त असली, तरी निरुपयोगी. वक्ता परगावचा व नामांकित असलाच पाहिजे असे नाही. गावातील डॉक्टर, कॉलेजातील प्राध्यापक, वीज मंडळाचा इंजिनियर, शेतकी खात्याचा अधिकारी, हातास गुण असलेला वायरमन, हे सर्व अधिकारी वक्ते होत. बोलणे चाळीस मिनिटे, आणि प्रश्नोत्तरे निदान तितकीच. उभे राहून विचारण्यास जे लाजतील त्यांच्या चिठ्ठ्या घ्याव्या. या चिठ्ठ्या बहुधा स्त्रियांच्या असतील, व त्यांतील प्रश्न बहुधा सर्वांत महत्त्वाचे असतील. टेबलावर प्रयोग झालाच पाहिजे. शाल, श्रीफळ, हार व पाहुण्यांचा दीर्घ परिचय यांस रजा द्यावी. त्या वेळात दहा प्रश्न विचारून होतात.

विषयांची वाण पडणार नाही. पेठेस लागू पडेल असा एकच विषय सांगतो. १९५८ पासून आपल्या देशात शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागला. हा किलोग्रॅम म्हणजे काय? पॅरिसजवळ सेव्र येथे जपून ठेवलेला प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक लहानसा गोल ठोकळा. जगातील सर्व वजने अखेर त्याच्याशी ताडून पाहावयाची. २० मे २०१९ पासून ही व्यवस्था संपली, व किलोग्रॅमची व्याख्या निसर्गातील एका अढळ स्थिरांकावर, प्लांकच्या स्थिरांकावर, बसविली गेली. कारण धातूचा ठोकळा कितीही जपला तरी अणुमात्र झिजतो किंवा त्यावर अणुमात्र मळ चढतो. दिवसातून शंभर वेळा तागडी उचलणाऱ्या आमच्या बंधूंस आपल्या धंद्याच्या मुळाशी असलेली ही गोष्ट कोणी कधी सांगितली आहे काय? त्याचप्रमाणे दुधाची व तुपाची भेसळ कशी ओळखावी, विहिरीचे पाणी केव्हा पिण्याजोगे, दुकानात वीज जळून आग का लागते, सोन्यावरील हॉलमार्काचा अर्थ काय, फोनवरून पोलिसाचे सोंग घेऊन पैसे उकळणारे भामटे कोणत्या युक्त्या योजतात, हे सारे विषय एकेका संध्याकाळचे आहेत.

राहिला पैशाचा प्रश्न. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षास एक पैसा मागण्याची योजना काढली, तेव्हा शहाणे लोक हसले; त्याच पैसा फंडातून तळेगावास १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. आम्ही त्याहून मोठे काही मागत नाही. प्रत्येक दुकानाने महिन्यास एका चहाच्या किंमतीइतकी रक्कम द्यावी, तिचा हिशेब दर वर्षाच्या अखेरीस त्याच सभेत सर्वांपुढे वाचून दाखवावा, व मोठ्या देणगीदाराचे नाव फलकावर लावण्याचा मोह टाळावा. कारण एकाच्या देणगीवर चालणारी माला त्या एकाच्या मर्जीने चालते व त्याच्या मर्जीने बंद पडते. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून हे कार्य करीत आहे व तिच्या शाखा अनेक गावी आहेत. जेथे शाखा आहे तेथे तिच्याशी मिळून चालावे, जेथे नाही तेथे वाट पाहत बसू नये.

देशास स्वराज्य मिळाले १९४७ साली. परंतु जो समाज दुसऱ्याने केलेली यंत्रे वापरतो व ती कशी चालतात हे विचारीत नाही, जो कानी पडेल ते खरे मानतो व डोळ्यांनी पाहिलेले तपासून पाहत नाही, त्याच्या बुद्धीवर राज्य करणारे परके अद्याप गेलेले नाहीत. फक्त त्यांची नावे बदलली आहेत. त्यांस घालविण्यास लष्कर लागत नाही. एक मोकळी जागा, एक टेबल, एक जाणता मनुष्य, आणि न लाजता प्रश्न विचारणारे शंभर श्रोते, एवढी सामग्री पुरे. पाटणच्या पेठेने घाण्यामागे एक पळी तेल दिले व ते आठशे वर्षे दगडावर टिकले. आमच्या पेठा त्याहून श्रीमंत आहेत. त्यांनी आपली पळी केव्हा पुढे करावयाची, एवढेच ठरावयाचे आहे.